आईकडे कोण कोण येतं

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. अमरावतीला शाळेत शिकवते. दोन पेपरांत एकच चूक दिसली की हातातला चहा खाली ठेवते आणि दोन्ही पोरांचे बाक आठवू लागते. घरातले म्हणतात, तुझ्याशी खरं बोलतानाही घाम फुटतो.

वडील गेल्यावर आई अकोल्याला, जठारपेठेतल्या घरात एकटी राहू लागली. माझा भाऊ पुण्याला असतो. तो तिला घेऊन जायला टपलेला, आणि ती घर सोडायला तयार नाही. शेवटी असं ठरलं की मी रोज संध्याकाळी तिला फोन करायचा, आणि ती नीट आहे तोवर तिला कोणी हलवायचं नाही.

पहिले काही महिने बरे गेले. मग श्रावणात एकदा ती म्हणाली, "आज शिंपी आला होता. त्याची बायकोबी होती. दोघंबी दिवसभर शिवून राहिले."

आईला आता काय शिवायचं होतं? आणि शिंपी बायकोला घेऊन घरी येऊन का शिवेल? तिथल्या तिथे विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण माझा आपला अनुभव असा, की विचारलं की माणसं सावध होतात. म्हणून मी नुसतं "हो का" म्हटलं आणि कान टवकारले.

भाद्रपदात कोतवाल आला. "सगळ्यायले हाकलून लावलं त्यानं. लय दरारा हाये त्याचा," आई कौतुकाने सांगत होती. आईच्या दारात कोतवाल काय करतोय? घराच्या कागदांचं काही लफडं तर नाही? मग नवरात्रात तिने सांगितलं की कुंपणावर खाटीक येऊन बसतो. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही! आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, "टकाचोर येते रोज. मी त्याच्यासाठी पपई कापून ठेवतो."

चोराला पपई! मी शेजारच्या काकूंना फोन लावला आणि आडून आडून विचारलं, आईकडे हल्ली कोण कोण येतं. काकू म्हणाल्या, "कोनीच तं येत नाही बापा. मागच्या अंगणात एकटीच खुर्ची टाकून बसते. कवा कवा बोलतेबी एकटीच."

म्हणजे माणसं नव्हतीच. ती फक्त आईला दिसत होती. आईचं डोकं चालेनासं झालंय, असं मी भावाला सांगितलं. सांगताना रडले, पण सांगितलं. त्याने त्याच दिवशी दिवाळीनंतरची तिची तिकिटं काढली.

तिला हे समोर बसून सांगायचं म्हणून मी एका रविवारी न कळवता एसटीने अकोल्याला गेले. खरं तर न कळवता गेले ते तिला रंगेहाथ पकडायला. फाटक न वाजवता मागच्या बाजूला वळले. आई शेवग्याखाली खुर्चीत बसली होती. मला पाहून तिने तोंडावर बोट ठेवलं.

"चूप. कोतवाल आला."

मी वर पाहिलं. तारेवर एक काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी बसला होता. तेवढ्यात एक कावळा आला आणि तो त्याच्या अंगावर असा धावून गेला, की तिप्पट मोठा कावळा ओरडत पळाला. मग आईने मला अनंताच्या झाडापाशी नेऊन दोन पानं दाखवली, कापसाच्या धाग्याने एकमेकांना टाचलेली. आत रिकामं घरटं होतं. श्रावणात शिवलेलं.

आईचं माहेर हिवरखेडचं. शिंपी, कोतवाल, खाटीक, टकाचोर, ही सगळी पाखरांची नावं तिने लहानपणी शेतात ऐकलेली. मी कावळा, चिमणी, पोपट यांपलीकडे गेले नव्हते, आणि वडील होते तोवर आईला अंगणात निवांत बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मला आधी हसू फुटलं, मग लाजेने मान वर होईना. माझ्या तोंडावरूनच तिला सगळं कळलं.

"मले याड लागलं असं वाटलं काय तुले? विचारलं असतं तं तोंड झिजलं असतं काय तुह्यं?"

चहा दिला, पण माझ्याशी बोलली नाही. भावाने तिकिटं रद्द केली. तो फोनवर पोट धरून हसला आणि वर म्हणाला, "तरी लक्ष ठेव."

त्यानंतर मी पाखरं ओळखायला शिकले. माघात शेवग्याच्या फुलांतला मध प्यायला शिंजीर येतो, चैत्रात तांबट भर दुपारी टुकटुक करत राहतो, हे ती सांगायची आणि मी टिपून घ्यायची. तिच्या आवाजातली अढी हळूहळू गेली. मला वाटलं, मी संशय घेणं सोडलं.

मग वैशाख आला. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज थरथऱ्या आला होता. झाडाले पाणी सोडलं तं तिथंच शेपटी हालवत बसला."

थरथऱ्या हा थंडीतला पाहुणा. दिवाळीच्या आगेमागे येतो आणि होळीच्या सुमारास उत्तरेकडे निघून जातो. हे मला तिनेच शिकवलं होतं. या उन्हात तो अकोल्यात असणं शक्य नव्हतं. या वेळी मी विचारलं, "आई, नक्की थरथऱ्याच होता?"

"मंग काय! मले काय वळखू येत नाही..." ती मध्येच थांबली. पलीकडून फक्त कूलरचा आवाज येत होता. "पण तो तं होळीलेच जाते ना वं?"

"राहतो एखादा मागे," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं वाईट खोटं बोलले, आणि तिने ते लगेच ओळखलं.

"तुह्या भावाले सांगू नको," ती हळूच म्हणाली.

मी अजून सांगितलेलं नाही. आता सकाळीही फोन करते, आणि ती पाखरांची नावं घेत असते तोवर जीव मुठीत धरून ऐकते.