तांब्याची बहीण

कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये ताईच्या धाकट्या भावाला सगळे तांब्या म्हणत. चाळिशीनंतर त्याच्या कातडीवर हळूहळू असा काही तांबूस-करडा रंग चढला, की लोक थट्टेने विचारायचे, "काय रे, रोज घासूनपुसून ठेवते वाटतं बायको?" तोही हसायचा. टोपल्या उतरवणारा आडदांड गडी. पण अलीकडे त्याच्या बोटांचे सांधे धरायचे, भर दुपारी तो गळून जायचा. बायकोने अशक्तपणा समजून लोहाचं टॉनिक सुरू केलं.

एकदा कोळंबीच्या डोक्यावरचा काटा त्याच्या तळहातात घुसला. शेडमध्ये हे कुणालाच नवीन नव्हतं. त्याच टोपलीतले काटे बहिणीलाही टोचले होते; तिला काही झालं नाही. त्याचा हात मात्र रातोरात सुजून जांभळा पडला, कोपरापर्यंत काळे फोड उठले. सकाळी शुद्धीत होता तोवर एकच म्हणत राहिला, "ताई, आत काहीतरी चालतंय गं." दिवस मावळायच्या आत तो गेला. जखमेतून जंतू रक्तात भिनले, एवढंच दवाखान्यात सांगितलं.

पुढे काही वर्षांनी ताईची पाळी थांबली, आणि तिच्या हातावरचा एक जुना व्रण काळवंडू लागला. मग मनगट. मग गळा. ती आरशासमोर उभी राही तेव्हा काचेतून भाऊच आपल्याकडे बघतोय असं तिला वाटे. तिने लांब बाह्या घालायला सुरुवात केली. पण शेडमध्ये काय लपतं? शेजारी बसणाऱ्या बाईने आपला पाट जरा पलीकडे सरकवला. सांधे दुखायला लागले तेव्हा मात्र ताई रात्री उठून बोटं मिटून-उघडून बघू लागली.

आणि व्हायचं तेच झालं. काटा अंगठ्यात शिरला. ताईने रक्त पुसलं, कुणाला काही सांगितलं नाही, आणि कोळंबी सोलायचं सोडून अंगठ्याकडे टक लावून बसली. घरी येईपर्यंत अंगठा तटतटला होता. हुडहुडी भरली. आणि कातडीखाली, अगदी सावकाश, काहीतरी वर सरकतंय असं तिला जाणवलं. भावाचे शब्द तिला आता कळले.

भावजय दारात आली, तिने हात पाहिला आणि चपलासुद्धा न घालता रिक्षा थांबवली.

"अगं, सकाळी जाऊ," ताई पुटपुटली.

"सकाळपर्यंत एकदा थांबले होते मी," भावजय म्हणाली. "आता नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी हात बघितला, मग चेहरा, मग पुन्हा हात. "हा रंग आधी नव्हता ना? घरात आणखी कुणाचा असा झाला होता?"

भावजयीने सगळं सांगितलं. बाईंनी तिथल्या तिथे औषध शिरेतून सुरू केलं आणि अंगठ्याची काळी पडलेली कातडी कापून काढली. ताई वाचली.

ती सावरल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्या अंगात लोह फार साठलंय. वंशातूनच आलंय. इतकी वर्षं पाळीवाटे थोडं जात होतं. जंतूंनाही लोह लागतं. एरवी शरीर ते कुलूपबंद ठेवतं, जंतू उपाशी मरतात. तुमच्यात ते उघड्यावर पडलंय. खाऱ्या पाण्यातला हा जंतू त्यावर तुटून पडतो."

भावजय म्हणाली, "आणि मी त्यांना वर टॉनिक पाजत होते."

"त्याने भर पडली असेल," बाई खोटं बोलल्या नाहीत. "पण साठा आधीपासूनच होता. तुम्हाला कोण सांगणार होतं?"

जखम भरल्यावर, साठलेलं लोह कमी व्हावं म्हणून, दर काही दिवसांनी ताईचं रक्त काढू लागले. पहिली पिशवी भरली तेव्हा तिने बोट लावून पाहिलं. कोमट होती. हेच खायला ते काहीतरी आत आलं होतं, या विचाराने तिने हात झटकन मागे घेतला. हळूहळू रंग उतरला. ओलं काम तिने सोडलं. आता ती शेडच्या कोरड्या बाजूला खोके बांधते.

भावाच्या मुलीचीही तपासणी केली. ती गोरीपान, हसरी, काहीच दुखत नाही. लोह मात्र वाढायला लागलं होतं. आता आत्या-भाची मिळून रक्त काढायला जातात. भाची वाटेभर बडबडत असते. आत्या तिचं मनगट उजेडात धरते, उलटसुलट करून बघते.

"अगं, काही नाहीये तिथे," भाची म्हणते.

"नाहीये," आत्या म्हणते, आणि मनगट सोडत नाही.