माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि काकूंची बोटं

काकांनी जिन्यातून हाक मारली तेव्हा मी गॅलरीत उन्हाकडे पाठ करून बसलो होतो आणि दाढीच्या जुन्या ब्रशने एका मदरबोर्डवरची धूळ झाडत होतो.

"भाऊ, घोटावड्यावरनं भंगारवाला येनार हाय. माळा रिकामा करतोय. तुमच्या कामाचं कायतरी हाय बगा."

काका म्हणजे आमचे घरमालक. हिंजवडीजवळच्या नेरे गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो. हिंगोलीकडचं गाव सोडून हिंजवडीत नोकरीला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं सगळं काम कॉम्प्युटरवरच चालतं. पण ज्या मशीन्सवर ते चालतं, ती मी कधी पाहिलेली नाहीत. ती कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी थंडगार खोलीत असतात. म्हणून असेल, पण सुट्टीच्या दिवशी मला हाताला लागेल असं काहीतरी लागतं. स्क्रू, वायर, पंखा. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर मी आणतो, उघडतो, जमलं तर चालू करतो. बायको आमच्या गॅलरीला 'दवाखाना' म्हणते आणि अधूनमधून पायात रुतलेले स्क्रू परत आणून देते.

खाली गेलो तर काका शिडीला टेकून उभे होते आणि त्यांच्या पायाशी खताच्या गोणीत गुंडाळलेला एक कॉम्प्युटर होता. मूळचा पांढरा असावा, आता हळदीच्या हातांनी पुसल्यासारखा दिसत होता. कीबोर्डही होता, वायरीने बांधलेला.

"हा कुणाचा?"

"हिचा," काका म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे मान हलवली. "मी उरवड्याच्या कंपनीत स्टोअरला हुतो ना, तवा हापिसात नवं कॉम्पुटर आलं. हा मला दिला. हिला लग्नाआधीच मराठी टायपिंग येत हुतं. पुढच्या खोलीत टेबल टाकून दिलं. दोन-अडीच वर्सं लोकांचं अर्ज टाइप केलं तिनं. मंग एक दिवस पडला बंद. पिरंगुटला न्हेला. तितला दुरुस्तीवाला म्हनला मदरबोर्ड गेला, नवाच घ्या. ठिवला वर."

सात-आठ वर्षं आम्ही या घरात राहतोय. काकूंना टायपिंग येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मशीन वर आणलं. थंडीच्या दिवसात हवा कोरडी असते, लोकरीच्या कपड्यांची वीज अंगात साठते आणि एका झटक्यात जुनी चिप मारून टाकते. म्हणून स्वेटर काढून ठेवला, नळाला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि कुडकुडत स्क्रू काढायला घेतले. आत पालीच्या अंड्यांची दोन टरफलं निघाली. पॉवर सप्लायच्या पंख्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, पात्यापासून जाळीपर्यंत पक्कं लिंपलेलं. ते मी चाकूने हळूच सोडवलं. बायकोने हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "कसलं नेटकं केलंय. तुम्हाला एक शेल्फ धड बसवता येईना."

बटण दाबलं. काहीच नाही. पॉवर सप्लाय वेगळा काढून तपासला, तो मेलेला होता. माझ्याकडच्या दुसऱ्या कॉम्प्युटरमधला जोडला. आता पंखा फिरला, पण मशीन एकसारखं ओरडायला लागलं, लांब, रडक्या आवाजात. हा आवाज ओळखीचा होता. मेमरीची पट्टी काढली आणि तिच्या सोनेरी टोकांवरून शाळेतला साधा खोडरबर फिरवला. काळपट थर रबरावर आला. पट्टी परत बसवली, बटण दाबलं.

एकच बीप. छोटा, स्वच्छ.

हा आवाज ऐकला की मला दरवेळी तोच आनंद होतो. बायकोला हाक मारली. तिने कणकेचे हात दारातूनच दाखवले आणि "झालं का बाळंतपण?" असं विचारून परत गेली. मदरबोर्ड गेलेला नव्हताच. पडद्यावर अक्षरं उतरली, घड्याळाने आपली बॅटरी संपल्याची तक्रार केली, मग डेस्कटॉप उघडला. त्यावर एकच फोल्डर. मी माउस तिकडे नेला आणि डिस्कमधून टक, टक असा आवाज सुरू झाला. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजायला लागली की असा आवाज करते. पडदा जागच्या जागी गोठला.

घाईघाईने मशीन बंद केलं, डिस्क बाहेर काढली आणि एका केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. फोल्डर दिसला. फाइली एकेक करून उतरायला लागल्या. तीस-पस्तीस आल्या असतील, तेवढ्यात डिस्क टकटकली आणि कायमची गप्प झाली. मग ती उन्हात ठेवून पाहिली, पालथी करून पाहिली. उपयोग झाला नाही.

आलेल्या फाइलींची नावं अर्ज एक, अर्ज दोन अशी इंग्रजी अक्षरांत होती. एका फाइलचं नाव मात्र 'स्पीड'. ती सगळ्यांत मोठी. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. शब्द नाही, वाक्य नाही, मध्येच मोठी अक्षरं, मध्येच कंस आणि चिन्हं. कारण माझ्या लक्षात आलं. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटे होते. खाली साठायचं इंग्रजी अक्षर, वर दिसायचं मराठी. फॉन्ट त्या डिस्कवरच राहिला होता. असा मजकूर बदलून देणाऱ्या सोयी इंटरनेटवर असतात, त्यातली एक मी शोधत होतो, एवढ्यात काकू वर आल्या. हातात पावट्याच्या उसळीची वाटी.

"चालू झाला म्हनं?"

"झाला होता, काकू. डिस्क गेली. पण काही फाइली वाचल्या. हे बघा, तुमच्याच असतील. पण वाचता येत नाहीत."

काकूंनी वाटी बायकोकडे दिली, पदराला हात पुसले आणि पडद्यासमोर वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे व्ही, के, बी आणि मोठा झेड अशी चार अक्षरं होती. काकूंनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, डोळे मिटले आणि लाकडावर चार बोटं एकामागून एक आपटली.

"आई," त्या म्हणाल्या. "हे आई हाय."

मला काही कळेना. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुटं कळलं? बोटं तितं गेली की." त्या स्वतःच गोंधळल्या होत्या. "पौडला टायपिंगला जायची मी, मशिनीवर. खाली बघायचं न्हाई असा दंडक हुता. कॉम्पुटरच्या बटणांवर इंग्रजी अक्षरं असत्यात, त्यांची जागा ठावी हाय; पण मराठी अक्षर कुटल्या बटणावर हाय ते डोक्यात न्हाईच माझ्या. बोटात हाय."

मी पुढचा एक शब्द मोठ्याने वाचला. "सी, एक्स, मोठा जी, एस."

"मोठा म्हंजी शिफ्ट दाबून?"

"हो."

टेबलावर बोटं पडली. "बगळे."

त्यानंतर मी ती मजकूर बदलण्याची खिडकी बंद करून टाकली. आता मशीनकडून उत्तर नको होतं. बायको वही घेऊन बसली. मी इंग्रजी अक्षरं सांगायची, काकूंनी टेबलावर वाजवायची आणि शब्द बोलायचा, बायकोने लिहायचा. कुठे कुठे अडायचं. एकदा एका शब्दात वेलांटी अक्षराच्या आधी येत होती. मला वाटलं फाइल बिघडलीय. काकू हसल्या. "पैली वेलांटी आधीच टाकायची असती, भाऊ. मंग अक्षर. टाइपरायटर काय मागं जातोय व्हय?"

उसळ थंड झाली. दुपार झाली. वहीत ओळी येत गेल्या.

*आई आज परत गेली. एसटी उशिरा आली. पाऊण तास बसलो.*

*आज कोणी आले नाही. समोरच्या खाचरात बगळे सतरा. एक लंगडतो.*

*एक जण अर्ज करायला आला. काय लिहायचे ते त्याला सांगता येईना. मी विचारले, भांडण कोणाशी आहे? मग सगळे सांगितले. दोन पाने झाली.*

"हे काय आहे, काकू? डायरी?" बायकोने विचारलं.

"छे, कसली डायरी! गिऱ्हाईक नसलं की स्पीड मोडतो. म्हनून जे दिसंल ते टाइप करत बसायची. मी इसरूनबी गेले हुते." पण त्यांची नजर वहीवरून हलत नव्हती. पुढची ओळ बायकोने वाचली तेव्हा त्या लाजल्यासारख्या झाल्या.

*आज चाळीसचा स्पीड आला. घड्याळ लावून. कोणाला सांगू.*

मी खुर्चीत मागे रेललो. मिनिटाला चाळीस शब्द, मराठीत, न बघता. आमच्या ऑफिसात कुणाला जमणार नाही.

शेवटच्या ओळी उलगडल्या तोवर काकाही वर आले होते आणि दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. आम्हा तिघांपैकी कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

*क्लार्कच्या जागा निघाल्या आहेत. उद्या फॉर्म भरायला जायचे. यांना अजून*

फाइल तिथेच संपली होती.

"यांना अजून काय?" मी विचारलं.

काकूंनी हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. "यांना अजून सांगितलं न्हाई. तेच टाइप करीत हुते, मदी मदी सेव करायची सवय, म्हनून तेवढं तरी राहिलं. मशिन फट करून बंद पडलं. परीक्षा टायपिंगचीच हुती. परॅक्टिसला काय राहिलं न्हाई. म्हनलं जाऊ दे." मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "काय झालं हुतं त्याला, भाऊ?"

मला खोटं बोलता आलं असतं. जुनं मशीन, पुष्कळ काही बिघडलं होतं, असं सांगून मोकळं होता आलं असतं. क्षणभर तसं मनातही आलं. पण ज्या बाईने आत्ता माझ्यासमोर टेबलाच्या फळीवरून अख्खं पान वाचलं, तिला मशीनबद्दल खोटं सांगायला जीभ रेटेना.

"पॉवर सप्लाय गेला होता, काकू. वीज देणारा डबा. तो बदलला की चालू झालं असतं. मदरबोर्ड चांगला आहे अजून."

"किती येळ लागला असता?"

"अर्धा तास."

बायकोने पेनला टोपण लावलं. काका चौकटीपासून सरळ झाले.

"मला सांगायचं हुतंस की, फॉर्म भरायचाय म्हनून. पुन्यापत्तोर न्हेला असता मी कॉम्पुटर."

"तुमी इचारलं कुटं?" काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बंद पडला तवा तुमी म्हनला, बरं झालं, तेवढाच आराम."

मग काकांनी जे केलं ते मला अजून आठवतं. ते आत आले, जमिनीवर पसरलेल्या स्क्रूंमधून वाट काढत टेबलापाशी पोचले, खाली बसले आणि बायकोच्या हातातली वही मागून घेतली. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. चाळीसच्या ओळीवर थांबले.

"चाळीस म्हंजी लई असतंय का, भाऊ?"

"लई असतंय, काका."

"हं," ते म्हणाले. खाली भंगारवाल्याचा हॉर्न वाजला. दोनदा वाजला. काका उठले नाहीत, वही वाचत राहिले.

मी काहीतरी करायचं म्हणून तो पिवळा कीबोर्ड पुसून एका जोडणीने लॅपटॉपला लावला आणि जुन्या टाइपरायटरची मराठी मांडणी सुरू केली. काकूंपुढे सरकवला. त्या नको नको म्हणाल्या, बोटं आखडलीत म्हणाल्या, थंडीचं कारण सांगितलं. मग बसल्या. पहिल्या दोन ओळी चुकांनी भरलेल्या होत्या. तिसरीत चुका कमी झाल्या. काय टाइप करू, असं त्यांनी विचारलं तेव्हा काका वहीतून डोकं न काढता म्हणाले, "दिसंल ते कर." तेवढ्यावर काकू खुदकन हसल्या आणि गॅलरीतला पसारा, माझे उघडेबोडके कॉम्प्युटर, वाटीतली थंड झालेली उसळ, सगळं एकेक करून पडद्यावर आलं. काकांचं वर्णन आलं ते मी इथे लिहीत नाही.

आता रविवारी सकाळी काकू वर येतात. गावातल्या बचत गटाच्या बायकांची पत्रं त्या टाइप करून देतात, पण मुख्य कार्यक्रम वेगळा असतो. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काढूनही मला मराठी टाइप करता येत नव्हतं, फोनला तोंडी सांगून भागवत होतो. हे कळल्यावर त्यांना धक्काच बसला. पहिला धडा त्यांनी दिला: कर, केर, कार, काकी. आठ बोटं मधल्या ओळीवर, अंगठे मोकळे. मी कीबोर्डकडे पाहिलं की त्या माझ्या हातांवर टॉवेल टाकतात.

"खाली बघायचं न्हाई," त्या म्हणतात.

परवा न बघता 'केर' बरोबर आला. पुढचा शब्द चुकला.