भांगात मोजलेली सडक

माझ्या बायकोला एखादी गोष्ट मनाविरुद्ध होताना दिसली की ती त्यावर काही बोलत नाही, माझ्या सदऱ्यांना बटणं लावायला घेते. त्या शनिवारी सकाळी तिने घरातले होते नव्हते तेवढे सदरे संपवले आणि मग म्हणाली, "विनायक शाळेची नोकरी सोडतोय म्हणे. तुम्ही एकदा कल्याणला जाऊन या ना."

विनायक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं कल्याणच्या शाळेत मास्तर आहे. त्याला एका नव्या कंपनीने सेक्रेटरी व्हायला बोलावलं होतं आणि ही कंपनी डोंबिवलीच्या खाडीकाठी एक भलीमोठी सडक बांधणार होती. कुठून कुठे जाणारी, असं मी विचारलं. तर कुठेच नाही. गोल सडक. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, आणि तेही जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. तिच्यावर सायकलींच्या आणि घोड्यावाचून चालणाऱ्या तेलगाड्यांच्या शर्यती लावायच्या, आणि मुंबईच्या लोकांनी आगगाडीने येऊन त्या बघायच्या.

तेलगाडी मी आजवर एकदाच पाहिली आहे, अपोलो बंदरावर. रस्त्याच्या मधोमध उभी होती. धनी उताणा होऊन तिच्या पोटाखाली काहीतरी ठोकत होता आणि आजूबाजूचे लोक त्याला न विचारताच सल्ले देत होते. शेवटी बैल जुंपून ती घरी नेली. अशा दोन गाड्यांची शर्यत लावली तर कोणाचे बैल चांगले एवढाच निकाल लागेल, असं माझं मत तेव्हाच झालं होतं. तेच घेऊन मी दुपारची आगगाडी धरली.

ठाण्याला उतरलो. वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर ठाण्यात थोडा वेळ काढून जावं. मासुंदा तळ्याच्या काठाला सावली आहे, पाणी स्वच्छ आहे, आणि देवळाच्या बाजूच्या खाणावळीत वालाचं बिरडं चांगलं मिळतं. भात मात्र दुसऱ्यांदा मागितला की वाढप्याचं तोंड बघण्यासारखं होतं. जेवून रूळ ओलांडून कोपरीला गेलो. तिकडे मिठागरं आहेत. उन्हात मिठाचे ढीग इतके पांढरे दिसतात की छत्री असूनही डोळे बारीक करावे लागतात. त्यांच्या अलीकडे एका बंगल्यात कंपनीचा मॅनेजर राहतो.

मॅनेजर गोड माणूस. मी विनायकचा मेहुणा म्हटल्यावर त्याने सरबत मागवलं आणि नकाशा पसरला. नकाशावर सडक तांबडी होती, प्रेक्षकांची जागा निळी, आणि मधे हिरव्या रंगाचा बगीचा.

"इतक्या तेलगाड्या आहेत का आपल्याकडे?" मी विचारलं.

"आगगाडी यायच्या आधी रूळ होते का?" तो म्हणाला.

मी सरबत संपवलं. त्याने कंपनीचं छापील पत्रक हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की जागा बारमाही कोरडी असून गावच्या पाटलाने आणि कल्याणच्या एका प्रतिष्ठित शिक्षकाने तशी ग्वाही दिली आहे. शिक्षकाचं नाव खाली होतंच. आमच्या घरातलं नाव छापील अक्षरांत मी प्रथमच पाहिलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला.

ठाण्याहून पुढे खाडीवरचा पूल आणि मग पारसिकच्या डोंगरातले बोगदे लागतात. बोगदा आला की खिडक्या लावून घ्याव्यात. माझ्या समोरच्या गृहस्थांनी हवेसाठी उघडी ठेवली आणि बाहेर पडल्यावर आम्ही दोघेही कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसत होतो. कल्याणच्या फलाटावर प्लेगच्या तपासणीसाठी रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून वेळ हाताशी ठेवावा. टांगेवाला पहिल्यांदा जे म्हणेल त्याच्या निम्म्यावर येतो, फक्त आपण पाठ फिरवून चार पावलं चालायला हवीत.

विनायक दारातच उभा होता. त्याला ओळखायला मला एक क्षण लागला. हा मुलगा लग्नाआधीपासून खांदे पाडून चालतो आणि प्रश्नाला मान हलवून उत्तर देतो. त्या दिवशी मी पाय धुतोय तोवर त्याचं सडकेबद्दल सांगून अर्धं झालं होतं. जेवताना तर त्याने ताटातच भाताची गोल सडक केली, आमटीची खाडी केली, आणि मुलं खुदुखुदु हसत राहिली.

"आणि दाजी, पाटलाची गंमत ऐका," तो म्हणाला. "मॅनेजरसाहेबांनी विचारलं, इथे पाणी चढतं का? पाटील म्हणाला, 'भांगान नाय.' साहेब मला म्हणाले, काय म्हणतोय हा? मी म्हटलं, भांगात नाही म्हणतोय. तर साहेब म्हणाले, म्हणजे भांग न पिता, शुद्धीवर राहून सांगतोय की पाणी चढत नाही! आणि तसं टिपून घेतलं."

सगळे हसले, मीही हसलो. पण माझं लहानपण अलिबागच्या खाडीकाठी गेलं आहे, आणि तिकडच्या माणसाला भांग म्हटल्यावर प्यायची भांग आधी आठवत नाही. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती मंदावते, पाणी अर्ध्या वाटेवरूनच मागे फिरतं. त्या दिवसांना भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला जोराची भरती येते, ते उधाण. पाटलाने सरळ सांगितलं होतं की भांगाच्या दिवसांत पाणी येत नाही, आणि या शहाण्यांनी जागा नेमकी भांगात मोजली होती. माझा मेहुणा साताऱ्याकडचा, त्याला हे कुठून कळणार! माझं काम इतकं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माघी पौर्णिमा होती. मी म्हटलं, "उद्या मलाही दाखव तुझी जागा."

हात धुताना विनायकच्या बायकोने, यमुनावहिनींनी, मला गाठलं. विनायक ओटीवर मुलांना सडकेच्या गोष्टी सांगत होता.

"भाऊजी, ही सडक होणार का हो खरंच?"

"मला नाही वाटत. त्याला समजवायलाच आलोय."

मला वाटलं, वहिनींना बरं वाटेल. त्या हातातल्या पंच्याची घडी घालत राहिल्या. "समजवा. दोन मुलं आहेत, शाळेची नोकरी कायमची आहे, ती सुटून कसं चालेल? पण बेतानं सांगा. शाळेतून आले की भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. हे सडकेचं निघाल्यापासून जेवताना बोलतात."

रविवारी सकाळी आगगाडीने डोंबिवलीला आलो. हे स्टेशन अगदी लहान आहे. चहा नाही, टांगा नाही, प्यायचं पाणी आपलं आपण न्यावं. कापलेल्या भाताच्या खुंटांमधून पायवाटेने खाडीकडे जावं लागतं. पुढे चिखल असल्यामुळे वहाणा हातात घेणं बरं. हवा छान होती. बगळे होते, कुठेतरी गवत जाळल्याचा वास होता, आणि माझ्यापुढे विनायक मोठी मोठी पावलं टाकत चालला होता.

जागा दिसायला देखणी आहे हे मान्य करायला हवं. लांबवर सपाट, पलीकडे पारसिकचा डोंगर, आणि त्या सपाटीवर चुन्याने आखलेलं एक प्रचंड वर्तुळ. जागोजागी काठ्यांवर तांबडी निशाणं. पाटील बांधावर बसला होता, मोठं पागोटं घातलेला, सावकाश बोलणारा आगरी गृहस्थ. त्याने आम्हाला शेजारी जागा करून दिली आणि शहाळी फोडून दिली.

दुपार कलायला लागली तसं पाणी आलं. उधाणाचं पाणी धावत येतंय असं दिसत नाही, पण आपण दुसरीकडे बघून परत वळलो की ते जवळ आलेलं असतं. बांधाला एके ठिकाणी मोठी खांड पडली होती. तिच्यातून ते आत शिरलं, सारखं पसरलं आणि चुन्याच्या रेघेवरून गेलं. रेघ थोडा वेळ पाण्याखाली पांढुरकी दिसली, मग दिसेनाशी झाली. एक निशाण कलंडलं आणि काठीसकट तरंगायला लागलं.

"पाटील, हे त्या साहेबांना सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगितला ना. भांगान नाय येत म्हनून सांगितला. उधानाला येतं का, ता त्यानी इचारला नाय."

"आणि सडक बुडाली म्हणजे?"

पाटील हसला. "बिनघोऱ्याची गारी आमी कदी बगितली नाय, तुमी बगितली असंल. पन सडक करायची तं आदी बांध बांधाया लागंल ना सायबाला? ही खांड परल्यापासून आमचे खाजनाचे जमिनीन भात नाय झाला. गावानी दोनदा बांधली, दोनदा गेली. सायबाचा दगडाचा बांध झाला का मंग तुमची सर्यत होवो नाय तं नको."

त्याच्यावर रागावण्यासारखं मला काही सापडलं नाही. पाटील उठून गावाकडे गेल्यावर मी विनायककडे वळलो. आदल्या रात्रीपासून जमवून ठेवलेलं बोलायची वेळ आली होती. "विनायक, इकडे भांग म्हणजे काय ते तुला..."

"ठाऊक आहे, दाजी," तो म्हणाला.

मी हातातलं शहाळं खाली ठेवलं.

"या गावची मुलं आहेत माझ्या शाळेत. उधाण आलं की येत नाहीत, बांधावर जातात. भांगात येतात. हजेरी मीच घेतो ना?" तो पाण्याकडे बघत होता. "साहेबांनी भलताच अर्थ काढला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. सांगणार होतो. पण ते माझ्याकडे बघून हसले, म्हणून मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, मास्तर, सेक्रेटरी व्हाल का? इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं, दाजी."

"राजीनामा दिलास?"

"उद्या द्यायचा आहे."

तेलगाडीच्या बैलांचा विनोद मी त्याच्यासाठी राखून ठेवला होता. तो बोलण्यात अर्थ नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते कसं सांगावं ते कळेना, म्हणून मी विचारलं, "मग आता?"

"तुमच्याबरोबर ठाण्याला येतो. त्यांना खरं काय ते सांगतो. पत्रकावर माझं नाव आहे. उद्या माझं नाव वाचून कोणी शेअर घेतले तर?"

वाटेत तो एकदाच बोलला, बोगद्याच्या आधी, खिडकी लावू का म्हणून. पण त्याचे खांदे सरळ होते आणि मी त्याच्याकडे चोरून बघत होतो. एवढं मोठं लोढणं गळ्यातून काढायला निघालेला माणूस असाच दिसत असावा, असं मला वाटलं.

मॅनेजर बंगल्याच्या ओसरीत झोपाळ्यावर होता. पुन्हा सरबत आलं. विनायकने ते घेतलं नाही. उभ्यानेच, वर्गात बोलतात तशा स्पष्ट आवाजात त्याने सगळं सांगितलं. भांग म्हणजे काय, उधाण म्हणजे काय, आज पाणी कुठवर आलं, आणि आपल्याला हे त्याच दिवशी कळलं होतं हेही.

मॅनेजरने झोपाळा पायाने थांबवला. "मास्तर, माझं आजोळ वसईचं. भांग मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

विनायकने माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मी मुद्दामच तसा अर्थ काढला आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला खरं ठाऊक होतं, ते तोंडावर दिसत होतं. तरी तुम्ही हसलात." मॅनेजर अगदी मायेने बोलत होता. "म्हणून तर सेक्रेटरी तुम्हाला करायचं ठरवलं."

मिठागराकडून फावड्यांचा आवाज येत होता.

"माझं नाव काढा पत्रकावरून," विनायक शेवटी म्हणाला.

"काढतो की. कल्याणात मास्तर काय एकच आहे?"

ठाण्याच्या स्टेशनावर त्याची कल्याणची गाडी आधी आली. आम्ही दोन वाक्यं बोललो, त्यातलं एक माझं होतं. मग मी मुंबईच्या गाडीत बसलो आणि दिवे लागायच्या सुमाराला गिरगावात पोचलो.

हा प्रवास कोणी करावा का? करावा. दीड दिवसात होतो, फार खर्च नाही, आणि माघात त्या बाजूची हवा फार चांगली असते. सडक बघायला म्हणून जाणार असाल तर पंचांग बघून अष्टमीला जा, म्हणजे दिसेल. माझा तिच्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता, आणि बघून आल्यावरही नाही. पण निघताना मला वाटलं होतं की अशा योजना भाबड्या लोकांच्या जोरावर चालतात. तिथे मला भाबडं कोणीच भेटलं नाही, मी सोडून.

घरी पोचल्यावर बायकोने पाणी द्यायच्या आधी विचारलं, "राहिला ना शाळेत?"

"राहिला."

"बाई, देव पावला." ती खाली बसली. "तुमचं ऐकतो तो. निघताना काय म्हणाला?"

"सगळ्यांना नमस्कार सांगा म्हणाला."

तो असं काही म्हणाला नव्हता. गाडीच्या पायरीवर चढता चढता तो थांबला होता, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला होता, "दाजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी कोणीतरी पारख केली. आणि बरोबर केली हो."