डिच नाही, ट्रेंच

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी विषय घेऊन. जमिनीतल्या खड्ड्यांना इंग्रजीत किती वेगवेगळे शब्द आहेत, याची मजा वाटून मी वहीत एक पान भरलं होतं. उंदीर-सशांचं बीळ ते बरो. रोप लावायला खणतात तो पिट. सडकेच्या कडेची पाणी वाहणारी नाली ती डिच. पाइप टाकायला खणतात तो लांब, अरुंद चर, तो ट्रेंच. आपल्याकडे शब्द कमी आहेत असं नाही, पण माणूस घाबरला की सगळ्याचा नुसता खड्डा होतो.

आमचं वावर, म्हणजे शेत, बुलढाण्याकडच्या उंद्रीजवळ. काकाला त्याच्या विहिरीचं पाणी खालच्या वावरात न्यायचं होतं आणि सरळ वाट आमच्या हरभऱ्यातून जात होती. बाबा त्याला सांगून थकले होते, "धुऱ्यानं ने, बांधाबांधानं." एका सकाळी त्यानं न विचारता जेसीबी आणला. मी डबा घेऊन पोचले तेव्हा छातीइतका खोल चर आमच्या अर्ध्या वावरापर्यंत आला होता आणि बाबा त्यात उतरून मशीनसमोर उभे होते.

"आता खण मले," बाबा म्हणाले.

काका काठावर फावडं घेऊन उभा होता. "निघ बे बाहेर!" मोठ्या भावाला तो जन्मात पहिल्यांदा 'बे' म्हणाला.

"नाई निघत."

फावड्याचा पहिला वार कानामागे बसला. ओला नारळ फुटावा तसा आवाज आला. बाबा गुडघ्यावर आले. दुसरा वार जबड्यावर. काका चरात उडी मारून त्यांच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. "तुह्या बापाचं वावर हाये का?" असं ओरडत होता. दोघांचा बाप एकच होता, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात नव्हतं. मग तो वर चढला आणि काठावरची माती बाबांच्या अंगावर ओढू लागला. बाबांच्या तोंडावर माती पडली. ते हललेसुद्धा नाहीत.

मी चरात उडी टाकली आणि त्यांच्यावर पालथी पडले. दोन फावडी माती माझ्या पाठीवर आली. काकाचा पाय काठावर दिसला, तशी मी उठून घोट्याला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. तोवर जेसीबीवाल्यानं मशीन बंद करून त्याला मागून कवेत धरलं.

फावडं हातातून सुटलं आणि काका एकदम रडायला लागला. "दादा, ऊठ ना. ऊठ ना दादा." त्यानंच बाबांना उचललं, त्यानंच शेजारच्याची जीप आणली. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना त्यानंच सांगितलं, "खड्ड्यात पडले, साहेब."

डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं. टेबलावरचा कागद मी उलट्या बाजूनं वाचला. डिचमध्ये पडल्यानं दुखापत.

"हे चूक आहे," मी म्हणाले. "ती डिच नाही, ट्रेंच आहे. आजच खणलेला. आणि हे पडले नाहीत, यांना मारून त्यात पाडलंय. माझ्यासमोर."

काका म्हणाला, "पोरगी घाबरून राह्यली, साहेब."

"यांच्या तोंडात माती आहे," मी म्हणाले. "वरून टाकलेली."

डॉक्टरांनी बाबांचा ओठ उचलून पाहिलं. मग लिहिलेली ओळ खोडून सही केली, खाली माझं म्हणणं लिहिलं आणि पोलिसांना कळवलं.

बाबा वाचले. कोर्टात मात्र त्यांनी शपथेवर सांगितलं, "पाय घसरला." काकाच्या वकिलानं ती खोडलेली ओळ दाखवून मला विचारलं, "डॉक्टरांनी आधी डिच का लिहिलं? म्हणजे नालीच ना?" मी नाली आणि चरातला फरक सांगितला. चराची खोली माझ्या छातीला हात लावून दाखवली. जेसीबीवाल्यानंही पाहिलेलं सगळं सांगितलं. काकाला शिक्षा झाली. पिंजऱ्यातून जाताना तो माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होता.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. भावाला मी आत टाकलं, असं ते आईला म्हणायचे. शिक्षा भोगून काका सुटला तेव्हा बाबाच त्याला आणायला गेले. काका अंगणात जेवायला बसला. आईनं वाढलं. मी पिशवी उचलली आणि बुलढाण्याची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला.

"थांबली असती तं बरं झालं असतं," ते म्हणाले.

"तो तिथं असताना मी नाही थांबणार."

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवली का?"

"हो," मी म्हणाले. मी जेवले नव्हते.