द्राक्षांना नमस्कार

हिवाळा सरत आला की आमच्या नाशिककडच्या मळ्यांवर छान ऊन पसरतं. मागे सह्याद्रीचे डोंगर, पुढे द्राक्षांच्या रांगा आणि पाहुण्यांना वाइनरी दाखवत फिरणारी मी. फेरी संपली की ओसरीत द्राक्षांनी भरलेल्या लाकडी टपात उतरून सगळ्यांनी नाचायचं, हा आमचा रिवाज.

परवा आपल्या सुनेबरोबर आलेल्या एक काकू टपापाशी अडल्या.

“खायच्या वस्तूला पाय कसा लावायचा गं?”

“काकू, परदेशात पूर्वी वाइन अशीच करायचे,” मी म्हणाले.

“त्यांना त्यांच्या आयांनी सांगितलं नसेल!”

सून हिरमुसली. काकूंची नजर मात्र टपावरून हलेना. शेवटी त्या वाकल्या, द्राक्षांना हात लावून कपाळाला लावला, निऱ्या वर खोचल्या आणि उतरल्या की टपात! “अगंबाई, किती गार!” म्हणत अशा नाचल्या की सुनेचा पांढरा कुर्ता जांभळा झाला.

आपल्यातही एक ‘नको’ म्हणणारी असते, एक ‘चल’ म्हणणारी. मध्ये एक नमस्कार घातला की दोघी एकाच टपात नाचतात.

काकूंच्या मागे थांबलेल्या जीन्सवाल्या मुलीही मग वाकून, नमस्कार करूनच उतरल्या.

काकू टपातून निघून अंगणाकडे चालल्या. फरशीवर जांभळी पावलं उमटली. ती पाहून त्या थबकल्या.

“छे, लक्ष्मीची पावलं बाहेर जाणारी नसतात!”

पुन्हा टपात पाय बुडवून त्या थेट वाइनरीच्या दारातून आत चालत गेल्या.

ती पावलं मी अजून कुणाला पुसू दिलेली नाहीत.