लिफ्टमध्ये सांगितलेलं नाव

आमच्या पाड्यावर भगताच्या अंगात यायचं, तेव्हा मी मागे बसून हसायचे. त्यापायी आईचा मारही खाल्लाय. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय... पण लिहिते.

मी वारली, जव्हारकडची. २००२ साली दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीच्या ऑफिसात डेटा एन्ट्रीला होते. गावाकडे आमच्या पाड्यावरची जानकीताई आणि आमच्याच काही बायकांनी बेपत्ता आदिवासी मुलींची यादी करायला घेतली होती. पोलिसांच्या कागदावर ‘स्वखुशीने गेली’ एवढ्यावर विषय संपायचा. म्हणून या बायका पाडोपाडी फिरून स्वतः लिहायच्या — नाव, पाडा, कुणी नेलं, शेवटची खबर काय. एजंटांनी गल्फला आणलेल्या मुलींचा शोध माझ्याकडे होता. शुक्रवारची सुट्टी त्यातच जायची.

यादीत एक मंगी होती. तिने भावाला धाडलेल्या पत्रावर शारजातल्या अल नहदामधल्या एका बिल्डिंगचं नाव होतं, फ्लॅट नंबर नव्हता. मी तिथे गेले. वॉचमन खानभाई म्हणाला, इथे अशी कुणी मुलगी नाही. तो जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि मी प्रत्येक मजल्यावर विचारायचं ठरवून लिफ्टमध्ये शिरले.

सहाव्याच्या वर लिफ्ट अडकली. एसी बंद, दिवा मिणमिणता, मोबाईलला रेंज नाही. दार बडवलं, ओरडले. सगळे मशिदीत... कोण ऐकणार? पंधरा-वीस मिनिटांत ओढणी घामाने भिजली, श्वास जड झाला. मी खाली बसले आणि इंटरकॉमचं बटण दाबून धरलं.

खरखर झाली. मग बाईचा आवाज — आमच्या वारली बोलीत. इथे मराठीत लिहिते.

“बाय, लिहून घे. सोनी, लहानूची. करंजपाडा.”

मला वाटलं, उकाड्याने डोकं फिरलं. तरी पर्समधून पेन काढलं.

“तू कुठे आहेस?” मी विचारलं.

“माझं राहू दे. सातशे चार. बाहेरून कुलूप आहे. आत मंगी आहे.”

आवाज थांबला. मी कितीतरी वेळ बटण दाबत राहिले, पण साधी खरखरही नाही.

नमाजानंतर खानभाईने लिफ्ट हाताने सहाव्यापर्यंत खाली घेऊन दार उघडलं. तिथूनच मी जिन्याने सातशे चारवर धावले. बाहेरच्या जाळीला खरंच कुलूप होतं. दार वाजवून मंगीला हाक मारली. बऱ्याच वेळाने आतून कुणीतरी जमिनीवरून सरकत आल्यासारखा आवाज आला... ती रडत होती. घरची माणसं तिला आत कोंडून सुट्टीवर गेली होती. खायचं संपून चार दिवस झाले होते.

पोलिसांनी कुलूप तोडलं. मंगी वाचली, दोन महिन्यांनी गावी पोचली.

सोनी कोण, हे मंगीला ठाऊक नव्हतं. त्या घरात ती एकटीच कामाला होती, आणि घरात इंटरकॉम नव्हता. खानभाईने मला लिफ्टचं पॅनल उघडून दाखवलं. इंटरकॉमची वायर तुटलेली, टोकांवर धूळ.

“बहनजी, ये तो कब का खलास है,” तो म्हणाला.

यादीत सोनी नव्हती. जानकीताई करंजपाड्याला गेली. तिथे लहानूची बायको भेटली. मुलगी चार वर्षांपूर्वी एजंटाबरोबर गेलेली. चौकीत कुणी तक्रार घेतली नाही, म्हणून तिने पुढे कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईने तिथेच ओट्यावर बसून सोनीचं नाव यादीत चढवलं. पुढे आम्ही खूप शोधलं. एजंट सापडला, पासपोर्टची नोंद सापडली... सोनी अजून सापडलेली नाही.

ताईने एकदा सोनीच्या आईला जव्हारच्या एसटीडी बूथवर आणलं. मी दुबईहून फोनवर सगळं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, “बाय, घाबरली होती का ती?”

मी म्हटलं, “नाही.”

ते खरं होतं. बाकी त्या दुपारी काय झालं, हे मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाही.