हिरवी पट्टी

जळकोटची धम्मप्रिया लातुरातल्या एका सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेलं मोडून बघणं हेच हिचं काम, असं मालक गुरुबसप्पा पाहुण्यांना हसत सांगायचे. कॉलेजच्या क्लार्कनं ब्राउझरमध्ये उघडून शिक्षकांची ईमेल खाती सांभाळावीत, असं एक पॅनेल कंपनीनं केलं होतं. दिसायला चकाचक, पण ते कधी 'झालं नाही' म्हणतच नव्हतं. आत काहीही बोंबलो, वर हिरवी पट्टी: 'काम यशस्वी झाले.'

या गोडबोलेपणाची धम्मप्रियाला चीड होती. 'अर्ज जमा झाला' म्हणणाऱ्या अशाच एका स्क्रीननं तिचं शिक्षणाचं एक वर्ष खाल्लं होतं.

अहमदपूरच्या एका कॉलेजात दोन दिवस बसून तिनं क्लार्कांचे हात पॅनेलवर कसे चालतात ते बघितलं होतं. लग्न झालं की बाईंचं आडनाव बदलतं, कधी नावसुद्धा. पॅनेलमध्ये नाव बदलायचं बटण होतं, पण त्याला कोणी बोट लावत नव्हतं. रजिस्टरची सवय, जुनी नोंद खोडायची, नवी करायची. म्हणजे आधी जुनं खातं पुसायचं, मग नवं उघडायचं. मधल्या वेळात पॅनेल जुनी पत्रं स्वतःकडं धरून ठेवायचं आणि नवं खातं उघडलं की त्यात टाकायचं. पण नवं खातं उघडताना सर्व्हर बंद पडला तर? जुनं गेलेलं, नवं आलेलं नाही, पत्रं कायमची बुडाली. आणि वर हिरवी पट्टी.

"असं हजारात एकदा होतंय," गुरुबसप्पा म्हणाले. "सोमवारी नांदेडला डेमो हाय. तपासणीच्या कागदावर 'पास' म्हणून सही कर, न्हाईतर मंगळवारपासून येऊ नको."

"हजारात एक म्हणजे कुणीतरी बाईच हाय ना, सर?" ती म्हणाली. सही केली नाही. डेमोचा सर्व्हर नेऊन जोडायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून गुरुबसप्पांना तिलाच नांदेडला न्यावं लागलं.

तिथल्या संस्थेच्या क्लार्क बबिताताई उत्साहानं पुढं सरसावल्या. "आमच्या रेणुकामॅडमचं लग्न झालंय. त्यांचंच बदलून बघू की!"

"त्यांचं नको," धम्मप्रिया म्हणाली. "माझं घ्या."

तिचं खातं लातूरहून आणलेल्या कंपनीच्या त्याच सर्व्हरवर, डेमोसाठी भरलेल्या इथल्या शिक्षकांच्या खात्यांशेजारी होतं. त्यात तीन वर्षांची पत्रं होती, त्यांची प्रत दुसरीकडं कुठंच नव्हती. ती पत्रं जाणार हे तिला ठाऊक होतं, पण आता माघार घ्यायची लाज वाटली असती.

"बरं, तुमचं लग्न झालं असं समजते," बबिताताई हसल्या. त्यांनी सवयीनं जुनं खातं पुसलं. त्या नवं नाव टाइप करत होत्या, तेवढ्यात धम्मप्रियानं सर्व्हरला पॅनेलशी जोडणारी वायर उपसली.

"काय करायलीस!" गुरुबसप्पा ओरडले.

"बटण दाबा, ताई."

बबिताताईंनी दाबलं. हिरवी पट्टी आली: 'काम यशस्वी झाले.' धम्मप्रियानं वायर परत जोडली. "आता शोधा मला."

बबिताताईंनी जुन्या नावानं शोधलं, नव्या नावानं शोधलं. यादीत धम्मप्रिया कुठंच नव्हती. तिनं मॉनिटर गुरुबसप्पांकडं वळवला.

"अगं बाई," बबिताताई म्हणाल्या, "आन् मी मॅडमला झालं म्हणून सांगितलं असतं! न्हाई साहेब, चुकलं तर चुकलं म्हणणारं द्या. हे आम्हाला नको."

बाहेर पायऱ्यांवर गुरुबसप्पांचा आवाज चढला. "झालं समाधान? उद्यापासून यायचं न्हाई!"

"येणार," धम्मप्रिया म्हणाली. "दहाला येणार. तुम्ही दार लावलं तर दारात बसते. पण चुकल्यावर ती पट्टी लाल होईपर्यंत मी सही करत न्हाई, आन् दुसऱ्या कुणालाबी करू देत न्हाई."